‘आत्या, हा गेम घेऊ का?’ : ॲनिमेवरचा मारामारीचा गेम मुलांच्या हातात देण्याआधी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक फोटो येतो. स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉट. टोकदार केस, मोठ्ठे डोळे, हातात तलवार, मागे जांभळी वीज. खाली भाच्याचा मेसेज, ‘आत्या, घेऊ का?’ त्याखाली दादाचा अंगठा. आणि पाच मिनिटांत वहिनीचा वेगळा फोन, ‘तू बघून सांग गं, मला तर सगळी कार्टूनंच वाटतात.’

भाचा तेरा वर्षांचा, आठवीत, राहायला ऐरोलीला. मी ठाण्यात, पाचपाखाडीत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने दुसरं स्टेशन. त्यामुळे ‘बघून सांग’ म्हणजे शनिवारी संध्याकाळी गाडी पकडून त्यांच्या हॉलमध्ये कंट्रोलर घेऊन बसायचं. मी लहानपणी भाड्याच्या कॅसेटवर ‘कॉन्ट्रा’ खेळत वाढले, अजूनही खेळते, म्हणून हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी डब्यावरचा वयाचा आकडा बघून ‘घ्या’ किंवा ‘नको’ कळवून टाकायचे. दोनदा तोंडघशी पडल्यावर लक्षात आलं की त्या आकड्याने निम्मंच काम होतं, आणि तेही सोपं निम्मं. पडद्यावर काय दिसेल एवढं तो सांगतो. गेम खिशातून किती काढेल, त्यात कोण भेटेल आणि आपल्या पोराचं त्यातून काय होईल, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. आता मी ज्या क्रमाने बघते, तोच क्रम खाली लिहितेय.

आधी ॲनिमे आणि गेम वेगळे काढा

‘सगळी कार्टूनंच’ हे वहिनीचं वाक्य मी हसण्यावारी नेलं नाही, कारण बहुतेक घरांत घोटाळा तिथूनच सुरू होतो. चित्र रंगीत आहे म्हणजे मुलांचंच असणार! ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन, बरंचसं तिथल्या चित्रकथांवरून केलेलं. जपानमध्ये चित्रकथा कोणासाठी आहे हे ती कुठल्या मासिकात छापून येते त्यावरून ओळखतात. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलग्यांसाठी, सेइनेन म्हणजे मोठ्या पुरुषांसाठी. आपल्याकडे ज्याच्याशिवाय पोरं घास गिळत नाहीत, तो शिनचॅन १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला होता. २००८ मध्ये भारतात त्यावर बंदी आली आणि नंतर काटछाट होऊन तो परतला. हे ऐकून वहिनीने पोळी लाटता लाटता हात थांबवला.

बरं, शोनेन आहे म्हणून डोळे झाकून घ्यावं, तर तसंही नाही. ‘अटॅक ऑन टायटन’ ही हाजिमे इसायामांची चित्रकथा २००९ पासून शोनेन मासिकातच येत होती, आणि तिच्यात अजस्र टायटन माणसांना जिवंत उचलून खातात. तिच्यावरच्या ‘अटॅक ऑन टायटन २’ या २०१८ च्या गेमला अमेरिकेत सतरा वर्षांपुढचं रेटिंग आहे. उलटंही होतं. ‘डेमन स्लेयर’ या ॲनिमेचा ‘मुगेन ट्रेन’ हा २०२० चा सिनेमा अमेरिकेत आर गटात गेला, म्हणजे सतराच्या आतल्या मुलाला मोठं माणूस सोबत हवं. जपानमध्ये त्याच सिनेमाला पीजी-१२ एवढंच मिळालं. आणि ती कथा मुगेन ट्रेनपर्यंत नेणाऱ्या ‘द हिनोकामी क्रॉनिकल्स’ या २०२१ च्या गेमला अमेरिकेत तेराच्या पुढचं रेटिंग आहे. म्हणजे कथा एकच आणि वयं तीन. त्यामुळे ‘त्याने ती सीरिज बघितलीच आहे, मग गेमला काय हरकत’ हा दादाचा मुद्दाही कामाचा नाही आणि ‘ती सीरिज भयंकर आहे, गेम नकोच’ हा वहिनीचाही नाही.

म्हणून पहिलं काम कागदावर करायचं. गेमचं पूर्ण नाव लिहा आणि तो कशावर खेळणार ते लिहा. ‘ड्रॅगन बॉलचा गेम’ एवढं पुरत नाही. ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ (२०१८), ‘ड्रॅगन बॉल झेड: काकारॉट’ (२०२०) आणि ‘स्पार्किंग झीरो’ (२०२४) हे कन्सोलचे (म्हणजे प्लेस्टेशनसारख्या, टीव्हीला जोडायच्या यंत्राचे) आणि कॉम्प्युटरचे, एकदा किंमत मोजून घ्यायचे गेम. ‘डोक्कान बॅटल’ आणि ‘लेजंड्स’ हे मोबाईलवरचे, फुकट उतरवता येणारे. नायक गोकू सगळीकडे तोच. पण माझ्या मते पालकांनी जास्त घाबरावं ते फुकटवाल्यांना. का, ते पैशांच्या भागात येईलच.

शिक्का वाचायचा तर खालची ओळ वाचा

सिनेमांना आपल्याकडे सेन्सॉर बोर्ड आहे आणि २०२४ पासून यूएमध्येही ७+, १३+, १६+ असे पोटभेद आलेत. गेमसाठी असं भारतीय मंडळ नाही. त्यामुळे आपल्याला दिसतात ते परदेशी शिक्के, आणि ते एकमेकांत मिसळून दिसतात.

अमेरिकेचा ईएसआरबी १९९४ पासूनचा. त्याचा ई म्हणजे सगळ्यांसाठी, ई १०+ म्हणजे दहाच्या पुढे, टी म्हणजे तेराच्या पुढे, एम म्हणजे सतराच्या पुढे. युरोपचा पेगी थेट आकडे देतो : ३, ७, १२, १६, १८. जपानच्या सेरोची अक्षरं फसवी आहेत. तिथे ए म्हणजे सर्वांसाठी, बी १२, सी १५, डी १७ आणि झेड फक्त १८ च्या पुढे. आपल्या सिनेमाच्या सवयीने सेरोचा ए बघून एका ओळखीच्या बाईंनी गेम ‘ॲडल्ट’ म्हणून परत केला होता! आपल्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं दिसतं. ते गेम बनवणाऱ्याने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून निघतं, माणसाने खेळून बघितलेलं असेलच असं नाही. म्हणून मोबाईलच्या आकड्यावर मी थोडा कमी विश्वास ठेवते.

ॲनिमेवरचे बहुतेक गाजलेले मारामारीचे गेम टी मध्ये येतात. ‘नारुतो शिप्पुडेन: अल्टिमेट निन्जा स्टॉर्म ४’, ‘फायटरझेड’, ‘वन पीस: पायरेट वॉरियर्स ४’, सगळे टी. त्यामुळे टी बघून तुम्हाला फार काही कळत नाही. कळतं ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या ओळीतून : रक्त आहे का, सूचक दृश्यं आहेत का, शिवीगाळ आहे का, दारू-तंबाखू आहे का. त्याहून उपयोगी म्हणजे ईएसआरबीच्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की येणारा छोटा परिच्छेद. त्यात ‘अमुक प्रसंगात पात्राला भोसकलं जातं’, ‘या पात्राचे कपडे असे आहेत’ इतकं नेमकं लिहिलेलं असतं. इंग्रजी साधं असतं. दोन मिनिटं लागतात. फक्त एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा.

अजून दोन शब्द शोधा : ‘गेममधील खरेदी’ आणि त्यापुढे ‘यादृच्छिक वस्तू’ अशा अर्थाची पुरवणी. दुसरी पुरवणी ईएसआरबीने २०२० मध्ये सुरू केली. ती दिसली की समजायचं, आत सोडत आहे.

व्हिडिओ बघा, पण ट्रेलर नको

ट्रेलर म्हणजे स्थळ दाखवताना पाठवलेला फोटो. यूट्यूबवर कोणी बडबड न करता नुसता खेळलेला भाग शोधा आणि मधली वीस मिनिटं बघा. सुरुवात नको, ती नेहमी सौम्य असते.

बघायचं काय? रक्त मोजत बसू नका. मी बघते ते असं : हरणाऱ्याचं काय होतं? ‘फायटरझेड’मध्ये डोंगर फुटतात, ग्रह हादरतो, पण हरलेला माणूस आडवा पडतो आणि पुढच्या सामन्यात पुन्हा हजर. ‘पायरेट वॉरियर्स’मध्ये एका फटक्यात शेकडो शत्रू लाह्यांसारखे उडतात. संख्या बघून आजीला धसका बसेल, पण त्यात क्रूरपणा नाही, कारण कोणाच्या वेदनेकडे कॅमेरा थांबत नाही. कॅमेरा थांबतो का, हाच माझा मुख्य प्रश्न असतो. शेवटचा घाव संथ करून, जवळून, चवीने दाखवलाय का? किंचाळी लांबवलीय का? असा एक प्रसंग शंभर लाह्यांपेक्षा जास्त दिवस डोक्यात राहतो.

दुसरं, बाईचं पात्र कसं दाखवलंय. ॲनिमेच्या जगात हा मोठा भाग आहे आणि वयाचे आकडे त्याबाबत बरेच ढिले असतात. कपडे तोकडे असणं एक वेळ ठीक, पण लढताना कॅमेरा मुद्दाम कुठे जातो, हरल्यावर तिला लाजिरवाण्या अवस्थेत दाखवतात का, आणि ती दिसते किती वर्षांची? शाळकरी दिसणाऱ्या मुलीला तसं दाखवलं असेल तर मी आकडा न बघता नकार देते. याबाबत घरात चर्चा नाही.

तिसरं, दुःख. ते पालक विसरतात. ‘स्टॉर्म ४’ची कथा महायुद्धाची आहे. मेलेल्या माणसांना पुन्हा उभं करून त्यांच्याच माणसांवर सोडलं जातं, आणि नायक आईवडिलांवाचून वाढलेला पोर. आमच्या भाच्याला रक्ताचं काही वाटलं नाही. पण मागच्या वर्षी त्याचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, गेले. त्यानंतर एका निरोपाच्या प्रसंगाला त्याने गेम थांबवला आणि उठून गॅलरीत गेला. कुठल्या शिक्क्यात हे लिहिलेलं नसतं. ज्या घरात नुकतं काही घडलंय, त्यांनी कथेचा सारांश आधी वाचावा.

लखलखाटाचंही बघा. या गेममध्ये प्रत्येक मोठ्या घावाला पडदा पांढरा-लाल चमकतो. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या अशाच झपझप लाल-निळ्या प्रकाशाने साडेसहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरात कोणाला फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. बाकीच्यांनी खोलीतला दिवा चालू ठेवावा आणि टीव्हीपासून लांब बसावं.

पैसे : फुकटचं सगळ्यात महाग

आमच्या लहानपणी शाळेबाहेरच्या दुकानात चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असायचा. चार आणे द्या, एक चिठ्ठी फाडा, नंबर लागला तर मोठा फुगा, नाहीतर एक गोळी. मोठा फुगा पुठ्ठ्याच्या वर सगळ्यांना दिसेल असा लावलेला. जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की बंद डबीतून खेळणं पडतं अशी यंत्रं असतात. मूठ फिरवण्याच्या आवाजावरून त्यांना गाचा म्हणतात. मोबाईलवरच्या ॲनिमे गेममधला गाचा तोच पुठ्ठा आहे. मोठ्या फुग्याच्या जागी तुमच्या पोराचं सगळ्यात आवडतं पात्र लावलेलं असतं, आणि फरक इतकाच की या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या संपत नाहीत.

आकड्यात बघा. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा २०२० चा गेम कुठल्या ॲनिमेवर बेतलेला नाही, पण दिसायला तसाच आणि आठवी-नववीत हमखास माहीत असलेला. त्यात एका ओढीला, म्हणजे एक चिठ्ठी फाडली की, सर्वोच्च दर्जाचं पात्र निघण्याची शक्यता ०.६ टक्के. ९० व्या ओढीपर्यंत सर्वोच्च दर्जाचं काहीतरी मिळेलच अशी हमी, पण ते तुम्हाला हवं असलेलंच पात्र असेल याची नाही. नशीब खराब असेल तर १८० ओढी. एका ओढीला गेममधले १६० खडे, म्हणजे २८,८०० खडे. हे खडे खेळून मिळतात, हळूहळू. आणि विकतही मिळतात, लगेच. हा गुणाकार मी भाच्याला वहीत करायला लावला. तोंडी उपदेशापेक्षा तो कामाला आला, कारण त्याचं गणित चांगलं आहे आणि उत्तर त्यानेच काढलं होतं.

याच गेमच्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत २ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, आणि तिथल्या सोळाच्या आतल्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशी सोडत विकायची नाही असंही ठरलं. जपानने तर २०१२ मध्येच गाचाचा एक प्रकार बंद केला होता, ज्यात सोडतीतल्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवल्यावरच मोठं बक्षीस मिळायचं. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली. गाचातून पैसे परत मिळतच नाहीत, त्यामुळे त्या कायद्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

आमच्याकडे काय झालं तेही सांगते. एका मोबाईल गेममध्ये भाच्याने दादाच्या फोनवरून ४४९ रुपयांच्या सहा खरेद्या केल्या. २,६९४ रुपये. पिन कसा कळला? रोज संध्याकाळी दूध आणायला दादाच त्याला फोन देऊन पाठवायचा आणि पिन होता दादाच्या जन्माचं साल. बँकेचे मेसेज जाहिरातींच्या ढिगात गेले. दादा पोरावर ओरडला. मी दादावर.

तेव्हापासूनची व्यवस्था अशी. मुलाच्या हातातल्या फोनवर यूपीआय नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती, म्हणून रोज रात्री खर्चाचे मेसेज एकदा बघायचे. प्लेस्टेशनवर मुलाचं खातं पालकांच्या खात्याखाली काढलं की महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते. ती शून्य ठेवा. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, फॅमिलीची सोय आहे, मूल खरेदीची विनंती पाठवतं आणि ती मोठ्यांच्या फोनवर येते.

कन्सोलच्या गेममध्ये गाचा सहसा नसतो, पण पात्रं नंतर सुटी विकतात. मारामारीच्या गेममध्ये तर हा धंदाच आहे. चार हजारांचा गेम घेतल्यावर ‘आत्या, पण तो त्यात नाहीये, तो सीझन पासमध्ये आहे’ हे ऐकण्याची तयारी ठेवा, किंवा वर्ष-दीड वर्ष थांबून सगळं एकत्र असलेली आवृत्ती सेलमध्ये घ्या. मी नेहमी दुसरं करते. ॲनिमे काही शिळं होत नाही.

पलीकडे कोण आहे

समोरचा खेळाडू काय बोलेल, याची हमी कुठलंच रेटिंग देत नाही. एकाच सोफ्यावर दोघांनी खेळायचा सामना आणि रात्री साडेअकराला अनोळखी माणसाशी ऑनलाइन सामना हे दोन वेगळे गेम आहेत असं समजा, डिस्क एकच असली तरी.

आमचा नियम : पहिले तीन महिने ऑनलाइन बंद. मग चालू, पण आवाज आणि लिखित गप्पा बंद, मैत्रीच्या विनंत्या फक्त शाळेतल्या ओळखीच्यांच्या. कन्सोलच्या मुलांच्या खात्यात हे सगळं कुलूपबंद करता येतं. गेम खेळणारी पोरं गप्पा मारतात त्या डिस्कॉर्ड ॲपला किमान वय १३ आहे. ‘सगळे तिथेच असतात’ हे खरंही असतं, म्हणून मी सरसकट नाही म्हणत नाही. वर्गातल्या चार-पाच जणांचा बंद गट चालतो. हजारो माणसांचा खुला गट नको. कोणी फुकट खडे देतो म्हणून पासवर्ड मागितला, फोटो मागितला, दुसऱ्या ॲपवर ये म्हणाला, तर खेळ थांबवून घरात सांगायचं आणि सांगितल्याबद्दल गेम काढून घेतला जाणार नाही. हे दुसरं वाक्य आधीच बोलून ठेवा, नाहीतर पहिलं कोणी पाळत नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

दोन तास शेजारी बसा

इथे स्टीमची एक सोय फार कामाची आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे पहिले दोन तास ही तुमची परीक्षा. घड्याळ लावा, पावणेदोन तासांना थांबा आणि ठरवा. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की ही वाट सहसा बंद होते, तिथे आधी डेमो आहे का बघा, किंवा मित्राकडून डिस्क आठवड्यासाठी आणा. डिस्कचा हा फायदा लोक विसरत चाललेत : नाही पटली तर विकता येते.

शेजारी बसायचं म्हणजे मोबाईल बघत बसायचं असं नाही. ‘मला शिकव’ म्हणा. तुम्ही शंभर टक्के हराल. हरा. पोर शिकवायला लागलं की आपोआप सगळं बोलतं : हा वाईट का आहे, याने भावाला का मारलं, हिचे कपडे असे का हे त्यालाही विचित्र वाटतं. वहिनीला पहिल्यांदा कंट्रोलर दिला तेव्हा तिने सगळी बटणं एकदम दाबली आणि भाच्याला चक्क हरवलं. त्या दिवसापासून तिला गेमची भीती वाटत नाही, उलट अधूनमधून ‘एक मॅच’ मागते.

माझं लक्ष मात्र पडद्यापेक्षा त्याच्याकडे असतं. हरल्यावर काय होतं? चिडणं ठीक, मीही चिडते. कंट्रोलर आपटणं, धाकट्या बहिणीवर खेकसणं, जबडा घट्ट करून सलग पाचवी मॅच लावणं, हे ठीक नाही. बंद केल्यावरचा पाव तासही बघा. जेवताना हसतोय, गोष्ट सांगतोय, तर गेम पचला. गप्प आहे, रात्री दिवा लावून झोपतोय, तर आकडा काहीही असो, थांबा.

हॉलचंही वय असतं

परदेशी लेखांत हा मुद्दा सापडत नाही, कारण त्यांच्याकडे मुलाला वेगळी खोली असते. आपल्याकडे दोन खोल्या-हॉल आणि टीव्ही एकच. भाचा तेराचा, पण शेजारी पाच वर्षांची भाची चित्रं रंगवत बसलेली असते आणि माझी आई माळ ओढत असते. खेळणाऱ्याला चालणारा गेम त्या हॉलला चालेलच असं नाही. भाची एकदा तीन दिवस बाथरूममध्ये एकटी जाईना, टायटन येईल म्हणून. आणि तो गेम आम्ही घेतलाही नव्हता! भाच्याने नुसता व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला होता.

उपाय साधे आहेत. हॉलमधल्या टीव्हीवर घरातल्या सगळ्यात लहान मुलाला चालेल तेच. बाकीचं ती झोपल्यावर किंवा बाहेर गेल्यावर. आवाज हेडफोनवर, कारण डोळे मिटलेल्या आईलाही किंकाळ्या ऐकू येतात. आणि संध्याकाळी मालिकांच्या वेळेत टीव्ही कोणाचा, हे आधीच ठरवा. आमच्या घरातली खरी मारामारी त्यावरूनच होते.

मिनिटं नको, मॅच मोजा

मारामारीची एक मॅच दोन-चार मिनिटांची, म्हणून ‘शेवटची एक’ कधीच शेवटची नसते. ‘नऊ वाजले, बंद कर’ म्हटलं की तो मॅचच्या ऐन मध्यात असतो आणि भांडण ठरलेलं. त्याऐवजी ‘दहा मॅच’ किंवा ‘हा अध्याय संपेपर्यंत’ असं सांगितलं की तो स्वतः मोजतो. कथेच्या गेमला अध्याय असतात, ते त्यासाठी बरे. रोज हजेरी लावली तरच बक्षीस देणारे गेम शाळा आणि क्लास सांभाळणाऱ्या मुलाला मी देत नाही. परीक्षेच्या आठवड्यातही ते बोलावत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण दोन तास जास्त खेळला म्हणजे तो झाला असं नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, हे साधारण वर्षभर टिकलं तर डॉक्टर तसं म्हणतात. काळजी वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

‘नाही’ म्हणायचं असेल तर

भाच्याने गेल्या दिवाळीत ‘अटॅक ऑन टायटन २’ मागितला. मी ‘आत्ता नाही’ म्हटलं आणि कारण सांगितलं : माणसं खाल्लेली दिसतात, तू तेराचा आहेस, हॉलमध्ये भाची आहे. ‘मित्राकडे आहे’ म्हणाला. असेल. मित्राच्या आईला मी फोन करणार नाही, पण आपल्या घरी नाही. मग तारीख ठरवली : सोळाव्या वाढदिवसाला हा विषय पुन्हा काढायचा, आणि काढायचा मी. विसरले तर त्याने आठवण करायची. नुसता नकार दिला असता तर व्हिडिओ बघून, मित्राकडे जाऊन त्याने तो मिळवलाच असता. तारीख मिळाल्यावर तो चिडला, पण लपवाछपवी झाली नाही. त्याऐवजी ‘स्टॉर्म ४’ सेलमध्ये घेतला. ‘बर्सर्क’ या सेइनेन चित्रकथेवरचा गेम मागेल तेव्हा मात्र तारीखही मिळणार नाही, अठराचा झाल्यावर स्वतःच्या पैशाने घे म्हणणार आहे.

परवा पुन्हा ग्रुपवर स्क्रीनशॉट आला. या वेळी त्याखाली त्यानेच लिहिलं होतं : ‘टी आहे. रक्त थोडं. गाचा नाही. ऑनलाइन बंद करता येतं. सेल २१ तारखेपर्यंत. आत्या, शनिवारी ये. वडापाव ठाण्यातूनच आण, इथला आईला आवडत नाही.’